गिंपमध्ये ठिपक्यांची रांगोळी कशी काढायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आईची रांगोळीची वही पार जीर्ण झालीये. पानांचे फोटो काढून ठेवलेत, पण शाई इतकी फिकट की प्रिंटमध्ये काही उमटत नाही. म्हणून एकेक रांगोळी गिंपमध्ये (चित्रं काढायचं-सुधारायचं फुकट सॉफ्टवेअर) नव्याने काढून ए-फोर कागदावर छापायचा विचार आहे. सुरुवात ९ ते ५ ठिपक्यांच्या कमळाने केलीये. गिंप २.१०, जुना लॅपटॉप, साधा माउस. पेन टॅबलेट नाही आणि एवढ्यासाठी घेणारही नाही.

ब्रशने ठिपके दिले तर ओळ वाकडी जाते. सरळ ठिपके असते तर निभावलं असतं. इथे वरच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधे खालचा यायला हवा, तिथे गाडी अडते. रेघ थरथरत निघते. गोल काढायचं टूलच सापडत नाही. आणि कालपासून ब्रश काहीच उमटवत नाहीये. रंग काळा, ओपॅसिटी १००, तरी कागद कोरा!

'फोटोशॉप घे' हा सल्ला घरच्यांनी देऊन झालाय, तो सोडून काहीही चालेल.

– रेघोट्या

खटपट्या:
आधी ब्रशचं. कॅनव्हासवर कुठे तुटक रेघेची बारीकशी चौकट वळवळताना दिसतेय का? सिलेक्शन (निवडलेला भाग) उरलेलं असलं की ब्रश फक्त त्याच्या आतच चालतो. कंट्रोल-शिफ्ट-ए दाबा, सिलेक्शन जाईल. तरी नाही उमटलं तर लेयरला (चित्राच्या थराला) कुलूप आहे का बघा.

गोलाचं वेगळं टूल गिंपमध्ये नाहीच. इलिप्स सिलेक्ट घ्या (कीबोर्डवर ई), ओढायला लागल्यावर शिफ्ट दाबून धरा, मग एडिट मेन्यूतलं स्ट्रोक सिलेक्शन, म्हणजे त्या कडेवरून रेघ उमटते. शिफ्ट आधीच दाबलंत तर भलतंच होतं, जुन्या सिलेक्शनमध्ये भर पडते.

खरं सांगू का, हे काम इंकस्केपचं (रेषा-आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरचं) आहे. तेही फुकटच आहे.

निळी शाई:
इंकस्केप उत्तम, पण ताईंनी गिंप उघडलंय तर त्यातच सांगते.

ठिपके एकेक देऊ नका, पॅटर्न करा. २४० बाय ४१६ पिक्सेलची नवी इमेज उघडा. हार्डनेस (कडेचा ठळकपणा) १०० असलेल्या गोल ब्रशने त्यात दोनच ठिपके द्या: एक ६०, १०४ वर आणि दुसरा १८०, ३१२ वर. कर्सर कुठे आहे ते खाली डाव्या कोपऱ्यात दिसतं. मग कंट्रोल-ए, कंट्रोल-सी. आता ए-फोरची इमेज घ्या, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ती २४८० बाय ३५०८ होते. बकेट फिलमध्ये पॅटर्न निवडा; तुम्ही कॉपी केलेला तुकडा यादीत पहिलाच असेल. एक क्लिक केलं की पानभर मधल्या ठिपक्यांची जाळी तयार, ठिपक्यांत साधारण दोन सेंटीमीटरचं अंतर. ९ ते ५ ला एकूण ६१ ठिपके लागतात, बाकीचे पांढऱ्या ब्रशने पुसा.

रेघांसाठी ब्रश विसरा आणि पाथ्स टूल घ्या (बी). इमेज मेन्यूत कॉन्फिगर ग्रिड उघडा, आडवं अंतर १२०, उभं २०८, ऑफसेट ६० आणि १०४. आकड्यांखालची साखळी आधी तोडा, नाहीतर एक आकडा बदलला की दुसरा आपोआप बदलतो. व्ह्यू मेन्यूतलं स्नॅप टू ग्रिड चालू केलं की पाथचं टोक आपसूक ठिपक्यावर बसतं. पाकळीचा बाक देताना मात्र स्नॅप बंद करा. शेवटी नवा लेयर घेऊन त्यावर स्ट्रोक पाथ, म्हणजे पाथवरून रेघ उमटते.

रेघोट्या:
ब्रश चालू झाला, सिलेक्शनच होतं! ठिपकेही काय सुरेख आलेत. आता एकच: स्ट्रोक पाथची रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची, एकदम तारेसारखी येते. चिमटीतून सोडलेली रांगोळी टोकाला निमुळती होते, तशी जमेल का?

निळी शाई:
जमेल. पेंटब्रशच्या डायनॅमिक्समध्ये (रेघ कशी बदलावी ते ठरवणारी सेटिंग) प्रेशर साइझ निवडा. स्ट्रोक पाथच्या खिडकीत 'स्ट्रोक विथ अ पेंट टूल' घेऊन पेंटब्रश ठेवा आणि खालच्या 'एम्युलेट ब्रश डायनॅमिक्स'वर खूण करा. प्रत्येक पाकळीचा पाथ वेगळा ठेवा; सलग काढलात तर पूर्ण कमळाची मिळून दोनच टोकं निमुळती होतील.

खटपट्या:
पीडीएफ छापताना 'फिट टू पेज' बंद ठेवा, नाहीतर ते दोन सेंटीमीटर राहणार नाहीत. आणि गिंपची मूळ एक्ससीएफ फाइल जपून ठेवा, पुढच्या ९ ते ५ ला ठिपके तयारच मिळतील.