रिकामा व्हॉल्ट आणि पहिला ठेवीदार: लाँचआधी नेमकं काय करायचं?

निखिल_बाणेर
बाणेरमधली आमची चौघांची टीम यूएसडीसीसाठी (डॉलरशी जोडलेलं क्रिप्टो टोकन) ईआरसी-४६२६ व्हॉल्ट लाँच करतेय, म्हणजे ठेव घेऊन बदल्यात शेअर देणारं, ठरलेल्या मानकाचं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट. ऑडिट झालं, पण रिपोर्टमध्ये पहिल्या ठेवीदाराच्या धोक्याची (रिकाम्या व्हॉल्टमध्ये आधी घुसलेला शेअरची किंमत फुगवून पुढच्याची ठेव लाटतो) नोंद अजून खुली आहे. डिप्लॉयनंतर (कॉन्ट्रॅक्ट ब्लॉकचेनवर चढवल्यावर) दुसऱ्या दिवशी मल्टिसिगमधून (अनेकांच्या सह्या लागणाऱ्या वॉलेटमधून) पहिली ठेव आम्हीच टाकणार आहोत. एवढं पुरेसं आहे का? ओपनझेपलिन या तयार कोडच्या लायब्ररीची ४.८ आवृत्ती वापरतोय, टोटल ॲसेट्स (व्हॉल्टमधली एकूण रक्कम) थेट बॅलन्सवरून मोजतो.

कोथरूड_सॉलिडिटी
निखिल, नाही. या अवस्थेत लाँच करू नका. आकड्यांत बघा.

व्हॉल्ट रिकामा आहे. हल्लेखोर ०.०००००१ यूएसडीसी ठेवतो आणि त्याला १ शेअर (शेअरचं सर्वात लहान एकक) मिळतो. तुमची २०,००० ची ठेव मेमपूलमध्ये (अजून नोंद न झालेल्या व्यवहारांच्या रांगेत) दिसली की तो तिच्या आधी १०,००० यूएसडीसी डिपॉझिट न करता व्हॉल्टच्या पत्त्यावर थेट ट्रान्सफर करतो. एका शेअरची किंमत १०,००० च्या जरा वर गेली. तुमच्या २०,००० चे हिशेबाने १.९९ शेअर होतात, पण भागाकार खाली गोल होतो, म्हणून हातात १ च येतो. आता ३०,००० वर दोन शेअर, दोघांचे निम्मे-निम्मे. तो १५,००० काढतो, तुमचे ५,००० गेले. ठेव बरोबर १०,००० ची असती, तर तुम्हाला शून्य शेअर मिळून सगळीच रक्कम त्याची झाली असती.

४.९ पासून ओपनझेपलिनने व्हर्च्युअल शेअर (फक्त हिशेबात धरलेले, कुणाच्याच मालकीचे नसलेले) आणले, त्यामुळे आधी आवृत्ती बदला. डेसिमल्स ऑफसेट (असे शेअर किती धरायचे ते ठरवणारा आकडा) ६ ठेवलात, तर तुम्हाला शून्य शेअर मिळावेत यासाठी त्याला तुमच्या ठेवीच्या साधारण दहा लाख पट रक्कम ओतावी लागते, आणि त्यातली बहुतेक व्हर्च्युअल शेअरकडेच अडकते. शिवाय बॅलन्सवरून मोजणं सोडा, आत आलेल्या-गेलेल्या रकमेचा हिशेब वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. मग थेट ट्रान्सफरने किंमत हलतच नाही.

अनघा_ऑडिट
"दुसऱ्या दिवशी" हा भाग मला जास्त खटकतो. मे २०२४ मध्ये ऑप्टिमिझम या ब्लॉकचेनवरच्या सोने फायनान्स (Sonne) या कर्ज प्रोटोकॉलचे सुमारे २ कोटी डॉलर गेले. सोने हा कंपाउंड व्ही२ या कर्ज प्रोटोकॉलच्या कोडचा फोर्क (नक्कल) होता. अशा फोर्कमध्ये रिकाम्या मार्केटचा हा दोष माहीत होता, आणि एप्रिल २०२३ मध्ये हंड्रेड फायनान्स हा असाच फोर्क त्याच कारणाने फुटला होता. सोनेने नवं मार्केट उघडण्याची आणि त्याला तारणाचा दर्जा देण्याची कामं वेगवेगळ्या व्यवहारांत टाइमलॉकवर (ठरावीक मुदतीनंतरच चालतील अशी) ठेवली होती. मुदत संपल्यावर ते व्यवहार कोणीही चालवू शकत होतं. हल्लेखोराने ते स्वतःच चालवले, मार्केट रिकामं असतानाच.

म्हणून डिप्लॉय आणि पहिली ठेव एकाच व्यवहारात, एका फॅक्टरी कॉन्ट्रॅक्टमधून (दुसरं कॉन्ट्रॅक्ट तयार करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टमधून) करा. त्या ठेवीचे शेअर कुणालाही काढता येणार नाहीत अशा पत्त्यावर टाका. युनिस्वॅप व्ही२ हे टोकन एक्स्चेंज पहिले १,००० एलपी युनिट (ठेवीबदल्यात मिळणारे हिस्से) कायमचे शून्य पत्त्यावर ठेवतं, ते याच कारणासाठी.

निखिल_बाणेर
अनघाताई, राउटरही (ठेवीदार आणि व्हॉल्टच्या मधलं कॉन्ट्रॅक्ट) लागेल का?

अनघा_ऑडिट
हो. ४६२६ च्या डिपॉझिटमध्ये किमान शेअरची अट घालायला जागाच नाही. राउटरमध्ये ती अट ठेवा आणि कमी शेअर आले की व्यवहार रिव्हर्ट (पूर्ण रद्द) होऊ दे.

कोथरूड_सॉलिडिटी
आणि फाउंड्री या टेस्टिंग टूलमध्ये फझ टेस्ट (आकडे यादृच्छिक बदलून घेतलेली चाचणी) लिहा: हल्लेखोराची पहिली ठेव, थेट ट्रान्सफर आणि पीडिताची ठेव हे तीनही आकडे बदलते ठेवा. अट एवढीच की पैसे काढल्यावर हल्लेखोराकडे घातल्यापेक्षा जास्त येता कामा नये. आधी ही टेस्ट तुमच्या आत्ताच्या कोडवर चालवा, तिथे ती फेल झालीच पाहिजे. झाली नाही, तर टेस्टच चुकली आहे.