पट्टी म्हणजे नक्की काय? काळी एक, पांढरी चार वगैरे

नवा_गळा: गाणाऱ्यांच्या बोलण्यात 'पट्टी' सतत येते. 'माझी पट्टी काळी चार', 'पट्टी अर्धा सूर उतरवा', 'गाता गाता सगळ्यांची पट्टी उतरली'. शिवाय घरात 'वरच्या पट्टीत बोलू नकोस' आहेच. सगळीकडे अर्थ एकच का? आणि स्वतःची पट्टी कशी शोधायची?

पेटीवाला: पेटीच्या ज्या पट्टीला तुम्ही 'सा' मानता, ती तुमची पट्टी. एवढंच. पांढऱ्या सातही पट्ट्यांना एक ते सात आणि काळ्या पाचांना एक ते पाच असे क्रमांक असतात; दोन काळ्यांच्या जोडीच्या डावीकडची पांढरी ती पांढरी एक. काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, काळी चार म्हणजे जी शार्प.

मोजताना एक गफलत नेहमी होते. पांढरी तीन आणि चार यांच्यामध्ये काळी नाही, सात आणि पुढच्या एकच्या मध्येही नाही. त्यामुळे काळी एक ते काळी दोन हे अंतर दोन अर्धस्वरांचं (अर्धस्वर म्हणजे काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर), पण काळी दोन ते काळी तीन हे तीन अर्धस्वरांचं. 'एक काळी वर घ्या' म्हणणाऱ्याला नेमकं किती वर हवंय ते विचारूनच घ्यावं.

बोलण्यातली 'वरची पट्टी' मोठ्या आवाजाची. गाण्यातल्या पट्टीचा मोठ्या-लहान आवाजाशी संबंध नाही. काळी चारमध्येही हळू गाता येतं.

खर्ज: शोधायची रीत: गळा तापल्यावर पेटीवर एकेक सूर खाली उतरत 'आ' लावा. जिथपर्यंत हवा न होता स्वच्छ लागतो तो शेवटचा सूर मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) माना आणि तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून पाच पट्ट्या वर या. शेवटचा सूर काळी चार असेल तर पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात, पांढरी एक, काळी एक. म्हणजे सा काळी एक. मग त्याच सा वरून तार गंधार (वरच्या सप्तकातला ग) लावून बघा. मान ताणली, हनुवटी वर गेली की एक पट्टी खाली या. वरचा सूर एकदा लागणं पुरेसं नाही, त्यावर थांबता आलं पाहिजे.

पुरुषांची पट्टी बहुधा पांढरी एक ते काळी दोन, बायकांची पांढरी पाच ते काळी पाच यांच्या आसपास. बायकांचा सा एक सप्तक वर असतो हा समज चुकीचा. काळी एकवाल्या पुरुषाचा मध्य पंचम (मधल्या सप्तकातला प) म्हणजेच काळी चारवाल्या बाईचा सा. अंतर फक्त सात अर्धस्वरांचं. द्वंद्वगीतात ओढाताण होते ती यामुळेच.

चाट_आणि_शाई: पट्टी ठरवताना तबलजीला आधी सांगा, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून तबला साधारण अर्धा-एक सूर चढतो-उतरतो. त्यापलीकडे चढवला तर पुडी (वरचं चामडं) फाटते, उतरवला तर चाट (पुडीची कड) बोलत नाही. काळी चारला लागणारा मोठ्या तोंडाचा तबला हाताशी नसेल तर काळी एकचाच वापरतात, कारण काळी एक हा काळी चारच्या सा चा मध्यम (म). पण भूप रागात मध्यम वर्ज्य, तिथे तो खटकतो.

पेटीवाला: बरोबर, तानपुऱ्यालाही तेच. मालकंस रागात पंचम नाही म्हणून पहिली तार मध्यमाला लावतात. सा तोच राहतो, म्हणजे पट्टी बदललेली नसते. नवशिके इथे 'पट्टी बदलली' म्हणतात.

नवा_गळा: आणि 'सगळ्यांची पट्टी उतरली' म्हणजे?

खर्ज: साथीशिवाय समूहगान चाललं की सूर कणाकणाने खाली घसरतो, विशेषतः वरून खाली येताना आणि श्वास संपताना. सगळे एकत्र घसरतात म्हणून आपसात बेसूर वाटत नाही, पण शेवटी पेटी वाजवली की फरक कळतो. तानपुरा किंवा त्याचं अॅप सुरू ठेवा आणि प्रत्येक कडव्याच्या आधी सा पुन्हा लावून घ्या. अॅपमध्ये पट्टी निवडल्यावर बारीक जुळवणीचा आकडाही (हर्ट्झमध्ये) बघा: ते ४४० वर आणि पेटी थोडी चढलेली असेल तर दोन्हींची नावं 'काळी एक'च, तरी एकत्र वाजताना सूर लाटांसारखा हलतो. अशा वेळी अॅप पेटीला जुळवायचं. पेटीचे सूर तिथल्या तिथे हलत नाहीत.