आफ्रिकेतल्या लेसोथो देशात सेमोनकाँगला पायी फिरायचं आहे, मे महिना जमेल काय?

वरुडकर: मृग बहाराची संत्री विकली की लेसोथो. लॉजवर मुक्काम. गुडघे धड हायेत, घोड्यावर कधी बसलो नाही. शाकाहारी आहो.

मेळघाटवाला: भाऊ, मे म्हणजे तिथं हिवाळ्याचं तोंड. आपण इथं ४५ अंशात कूलरपुढं, अन् तिथं रात्री पाणी गोठते. मार्च-एप्रिलातच जा. मालेत्सुन्याने धबधबा लॉजवरून पायी होतो, १९२ मीटरची एकच उडी! चिखलदऱ्यासारखं रेलिंग धरून पाहाचं काम नाही, कडा उघडा आहे. तिथले बासुथो घोडे ठेंगणे, पण पाय पक्का. गावचा वाटाड्या घ्याच.

अचलपूरची ताई: मक्याचा घट्ट पापा अन् मोरोहोची पालेभाजी मिळते. तिखट घरून न्या.

वरुडकर: धबधब्याशेजारच्या कड्यावरून दोरानं २०४ मीटर उतरवतात म्हणे?

मेळघाटवाला: उतरवतात. मी नाही गेलो बाप्पा.