मदत हवी आहे: खरा एमएमओ (असंख्य जण एकत्र खेळतात तो ऑनलाइन खेळ) कशाला म्हणायचं?

मंडळी, मित्रांशी वाद चाललाय. त्यांचं म्हणणं, पबजीत एका सामन्यात १०० जण उतरतात, म्हणजे तोही एमएमओच. मला काही पटत नाही. सामना संपला की डाव मोडला, पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. याउलट २००३ सालचा ईव्ह ऑनलाइन हा अंतराळजहाजांचा खेळ घ्या. आपण लॉगआउट केलं तरी तिथलं जग चालूच असतं, बाजारातले भाव बहुतांशी खेळाडूच ठरवतात, आणि जहाज फुटलं की गेलं ते गेलंच.

पण २००५ चा पहिला गिल्ड वॉर्स आला की माझं घोडं अडतं. गावात अनोळखी खेळाडू भेटतात, वेशीबाहेर पाऊल टाकलं की फक्त आपल्या टोळीपुरता वेगळा नकाशा उघडतो. याला कुठे बसवायचं? वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्येही डंजनची (राक्षसांनी भरलेल्या गुहा-तळघरांची) प्रत प्रत्येक गटाला स्वतंत्रच मिळते की! (त्याला मात्र सगळे बिनतक्रार एमएमओ म्हणतात.)

सर्व्हरच्या बाजूचं काम केलेलं कुणी असेल तर सांगा: एकाच जागी किती जण एकमेकांना दिसतात हा निकष धरायचा, की आपल्या गैरहजेरीत जग पुढे सरकतं का, हा?