मोहेंजोदडो अर्धवट का सोडलं?

प्रश्न: १९६४-६५ नंतर तिथे मोठं उत्खनन नाही, बराच भाग मातीखालीच आहे. पैशाअभावी का?

उत्तर १: पैशाची अडचण आहेच, पण खरी डोकेदुखी क्षारांची. भूजलातले क्षार विटांमधून वर चढतात, पाणी उडून गेलं की स्फटिक धरतात आणि भाजलेल्या विटेचेही पोपडे सुटून भुगा होतो. उघड्या भिंतींना मातीचा लेप पुन्हापुन्हा द्यावा लागतो. पुरलेल्या भिंतीला हा खर्चच नाही!

उत्तर २: शिवाय थर एकदाच खणता येतो, म्हणून काही भाग पुढच्या पद्धतींसाठी राखायचा. १९२०च्या दशकात खणलं तेव्हा कोळशासारख्या अवशेषांवरून वय काढणारी कार्बन-१४ पद्धतच नव्हती. कोळसा कोण जपणार?

प्रश्नकर्ता: मग उत्खननाच्या खड्ड्यांमध्ये न खणलेल्या मातीच्या भिंती ठेवतात त्या?

उत्तर २: बाल्क. बहुधा १ मीटर रुंद. थरांचा उभा छेद त्यातच वाचायचा, नमुनेही तिथूनच. पावसात ढासळतात, म्हणून छेदाचं रेखाटन आधी उरकायचं.