केल्टिक रथ: २८ मिमीचे घेऊ का १/७२ चे?

शिवाजीपेठ_फौज
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं दर रविवारी राजारामपुरीत एकाच्या गच्चीवर डीबीए (टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायचा प्राचीन लढायांचा खेळ) खेळतो, माझे रोमन सैनिक तयार आहेत आणि आता त्यांच्यासमोर ब्रिटनच्या केल्टिक टोळ्यांची फौज उभी करायचीय, रोमन सेनापती सीझर तिथं इ.स.पू. ५५ आणि ५४ ला उतरला तेव्हाची. पायदळ झालं, अडलंय ते रथांवर. व्हिक्ट्रिक्स कंपनीचे २८ मिमीचे (म्हणजे माणूस साधारण तेवढा उंच) बघितले, हॅट कंपनीचे १/७२ चे (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचे, जरा लहान) बघितले, एक मेटलचा मित्राकडं हातात घेऊन बघितला. शेजारी शेजारी ठेवून कुणी बघितलेत का? आणि चाकाला बाहेर आलेली धारदार पाती पाहिजेत का?

गंगावेस_ब्रश
भावा आधी सांग, रोमन कुठल्या स्केलचे?
तिन्ही प्रकार रंगवलेत म्हणून सांगतो. व्हिक्ट्रिक्सचं कडक प्लास्टिक, बारकावे लई स्वच्छ येतात, सिमेंटनं (प्लास्टिक चिकटवायचा गोंद) जोड पक्का बसतो, फक्त दांडी आणि जू जपायचं. मेटल वजनदार, टेबलावर मस्त बसतं पण पातळ भाग वाकतात. हॅटचं प्लास्टिक मऊ, आधी भांड्याच्या साबणानं धू आणि नीट वाळव, नाहीतर रंग धरत नाही.
पाती नकोत. लंडनला वेस्टमिन्स्टर पुलाजवळ रोमनांशी लढलेल्या बूडिका राणीचा रथातला पुतळा आहे ना, त्याच्या चाकाला पाती आहेत, तिथनं ती सगळ्यांच्या डोक्यात बसलीत. काही रोमन लेखकांनी उल्लेख केलाय खरा, पण ब्रिटनमध्ये रथासकट पुरलेली जी माणसं सापडलीत त्यांच्या चाकांना पाती नाहीत. सेटमध्ये असली तर सरळ कापून टाक.

कागलकर_७७
मी तर चाकच बघून घेतो. आमच्याकडं बैलगाडीला लोहार धाव कशी बसवतो बघितलंय का, लोखंडी पट्टी लालभडक तापवायची, चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचं, आकसून आरे तुंब्यात घट्ट बसतात. केल्टिक चाकालाही अशीच अखंड धाव, तापवून चढवलेली. इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये वेटवांग गावी २००१ मध्ये एका बाईच्या थडग्यात रथ सापडला, त्यावरनं ब्रिटिश म्युझियमसाठी पूर्ण रथ बनवला, त्यात बसायची जागा कातड्याच्या पट्ट्यांवर टांगलेली आहे, म्हणजे खड्ड्यात धक्का कमी. मॉडेलमध्ये जाडजूड लाकडी पेटी दिली असली तर तो रथ मला पटत नाही, हलका दिसलाच पाहिजे. रंगवताना धाव काळपट लोखंडी ठेव आणि जमिनीला घासणारी कडाच फक्त चमकव.

शिवाजीपेठ_फौज
रोमन १/७२ चे आहेत. बेस (सैनिक चिकटवायची पट्टी) ६० मिमी.

गंगावेस_ब्रश
मग विषयच संपला, हॅट घे. २८ मिमीचे आणले तर रथाची तट्टं रोमन घोड्यांपेक्षा मोठी दिसतील आणि खरं तर उलटं पाहिजे, ब्रिटनची तट्टं ठेंगणीच होती. सांध्याला पिन घालून सुपरग्लू लाव, मऊ प्लास्टिकला साधं सिमेंट धरत नाही.
आणि एक ऐक, सगळ्या रथांवर योद्धा उभा ठेवू नको. सीझर लिहितो की योद्धे उडी मारून पायी लढायचे आणि सारथी रथ जरा मागं नेऊन थांबायचे, म्हणजे गर्दी अंगावर आली की लगेच चढून निघता यावं. दोनतीन बेसवर योद्धा खाली उतरव, सारथी लगाम ओढून मागं वळून बघतोय असा. एखादा धावत्या रथाच्या दांडीवरनं जुवापर्यंत गेलेला पण कर, हे सुद्धा त्यानंच लिहिलंय.

शिवाजीपेठ_फौज
दांडीवरचा करतोच! माती दिवाळीच्या किल्ल्याची उरलीय ती चाळून वापरतो, रंगवले की फोटो टाकतो.