थ्रॉटल साफ केल्यापासून गाडी सिग्नलला बंद पडतेय (१.० पेट्रोल + सीएनजी)

मुलुंड_पूर्व

गाडी २०१२ ची छोटी हॅचबॅक. १.० लिटर, तीन सिलिंडर, बीएस४, केबलवाला थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप), मॅप सेन्सर (आतल्या हवेचा दाब मोजणारा; आत जाणारी हवा मोजणारा एमएएफ नाही), बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलेली कामं:
– थ्रॉटल बॉडी जागेवरच कार्ब क्लीनरने साफ केली
– आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (आयएसी, पाय काढल्यावर इंजिन चालू राहण्यापुरती हवा सोडणारा) काढून त्याच्या टोकावरचा कार्बन पुसला, परत बसवला. ओ-रिंग सैल वाटली म्हणून थोडं लाल सिलिकॉन लावलं
– तिन्ही स्पार्क प्लग नवे, एअर फिल्टर नवा
– हे सगळं होईपर्यंत बॅटरीची निगेटिव्ह काढलेली होती

आता सकाळी पहिल्या स्टार्टला रेस दाबून धरावी लागते, सोडली की लगेच बंद. पूर्वी थंड इंजिन आपोआप १३००-१४०० आरपीएमवर जायचं. गरम झाल्यावर ६५०-७०० वर थरथरत उभी राहते, पण सिग्नल दिसून पाय काढला किंवा एसी लावला की खलास. २००० च्या वर मक्खन चालते. चेक लाइट नाही. पेट्रोलवर आणि गॅसवर दोन्हीकडे तेच, गॅसवर थोडं जास्त.

एक जण म्हणतो फ्युएल पंप गेला, दुसरा म्हणतो कुठेतरी हवा घेतेय. नक्की कुठून सुरुवात करू?

दहा_नंबरचा_पाना

पंपाच्या नादाला लागू नका. पंप कमजोर असेल तर चढावर आणि जास्त रेसवर गाडी आधी झटके मारते, तुमची तिथे नीट चालतेय. शिवाय गॅसवर पेट्रोल पंपाचा संबंध येत नाही आणि बंद तर दोन्हीवर पडतेय. दोन्ही इंधनांत समाईक काय, तर हवा आणि स्पार्क. प्लग किंवा कॉइलची भानगड असती तर तीन सिलिंडरची गाडी सगळ्या आरपीएमवर मिसिंग मारली असती. राहिली हवा.

फुकटातल्या गोष्टी आधी बघा. फिल्टर बॉक्सच्या सगळ्या क्लिपा बसल्यात का. टॅपेट कव्हरवरून (इंजिनच्या वरच्या झाकणावरून) येणारा पीसीव्हीचा पाइप (इंजिनातली वाफ परत ओढणारा) परत लावला का (फिल्टर बॉक्स उचलताना हमखास सुटतो आणि मागच्या बाजूला असल्याने दिसत नाही). थ्रॉटलची केबल बोटाने दाबली की जराशी ढिली लागली पाहिजे. आणि थ्रॉटलवरच्या स्टॉपर स्क्रूला हात लावू नका. तो फॅक्टरीत सेट करून सील केलेला असतो. आयडल वाढवायला तो फिरवला की थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा शून्य बिघडतो, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) पाय ॲक्सिलरेटरवरच आहे असं वाटतं आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

पाचशे-सातशेवाला ब्लूटूथ ओबीडी डोंगल (ईसीयूतले आकडे मोबाइलवर दाखवणारा) मिळत असेल तर हे आकडे टाका:
१. चावी ऑन, इंजिन बंद: मॅप किती
२. गरम इंजिन, आयडलवर: मॅप, शॉर्ट आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते), कूलंटचं तापमान
३. पेंडिंग कोड (ईसीयूने नोंदवलेली, पण अजून पक्की न झालेली तक्रार). लाइट पेटला नसला तरी तिथे काहीतरी सापडू शकतं

मुंबई समुद्रसपाटीला, त्यामुळे पहिला आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास हवा. (पुण्यात ९५ दाखवतो म्हणून तिकडच्या कुणाशी ताडून घाबरू नका.) गरम आयडलला साधारण २८ ते ४०.

तोवर गाडी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला काढू नका. इंजिन बंद पडल्यावर ब्रेक बूस्टरमध्ये एक-दोन दाबण्यांपुरतंच व्हॅक्यूम उरतं, मग पेडल दगड होतं. स्टिअरिंगही जड.

टॅपेट

हवेचं बरोबर, पण "हवा घेतेय" हे निदान उलटं आहे.

बाहेरून फुकटची हवा घुसली की एमएएफवाल्या गाडीत मिश्रण पातळ होतं आणि गाडी बंद पडते, कारण ती हवा सेन्सरसमोरून गेलेलीच नसते. मॅपवाल्या गाडीत गळतीमुळे मॅनिफोल्डचा (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब वाढतो, ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो आणि आयडल वर चढतं. तुमचं खाली पडलंय. म्हणजे हवा कमी मिळतेय.

थंड इंजिनवर जास्त त्रास, हाही तोच पुरावा. थंडपणी तेल घट्ट, घर्षण जास्त, म्हणून आयडलला हवा सर्वांत जास्त लागते. केबलवाल्या गाडीत पाय काढला की थ्रॉटलची प्लेट जवळजवळ बंद होते आणि उरलेली सगळी हवा आयएसीच्या बायपास भोकातून जाते. त्या वाटेत अडथळा आहे किंवा व्हॉल्व्ह उघडत नाहीये.

व्हॉल्व्ह न उघडायची दोन कारणं. एक, कार्ब क्लीनर आत गेला. आयएसी हा छोटा स्टेपर मोटर असतो, आतल्या स्क्रूचं ग्रीस त्या द्रावणाने धुऊन जातं आणि पिन अडकते. दोन, पिन बोटाने दाबली गेली. ईसीयूला पिन कुठे आहे हे दिसत नाही, तो फक्त पावलं मोजतो. शून्य कुठे हे कळावं म्हणून चावी ऑन-ऑफच्या वेळी तो पिन टोकाला नेऊन टेकवतो. तेव्हा व्हॉल्व्हवर बोट ठेवलं तर हलकी गुरगुर जाणवते. नाही जाणवली तर मल्टिमीटरने दोन्ही कॉइल मोजा. बहुतेकांत तीस-पन्नास ओहमच्या घरात असतात, पण आकड्यापेक्षा दोन्ही सारख्या असणं महत्त्वाचं. एक ओपन दाखवली तर व्हॉल्व्ह गेला.

हवा कमी आहे हे पाच मिनिटांत सिद्ध होतं. इंजिन गरम आणि चालू असताना पर्ज व्हॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) बारीक पाइप मॅनिफोल्डच्या निपलवरून काढा, निपलवर अंगठा ठेवा आणि अंगठा किंचित तिरका करून थोडी हवा आत जाऊ द्या. रेस ८००-९०० वर जाऊन स्थिर झाली तर निदान पक्कं. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप यासाठी वापरू नका. फॅनपासून हात आणि बाही लांब.

पुढे कधी खरंच गळती शोधायची वेळ आली तर पाइपांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारून रेस बदलते का बघा. काही जण अगरबत्तीचा धूर ओढला जातो का बघतात, काही कार्ब क्लीनर फवारतात. तापलेलं इंजिन, पेट्रोलची वाफ आणि वर सीएनजी. असले प्रयोग नकोत.

मुलुंड_पूर्व

आकडे:
चावी ऑन: मॅप १००
गरम आयडल (६७० आरपीएम): मॅप ३७, शॉर्ट टर्म −१ ते +३, लाँग टर्म +२, कूलंट ९१
पेंडिंग कोड: पी०५०६

पीसीव्ही पाइप जागेवर, केबल ठीक. आयएसीवर बोट ठेवलं तर गुरगुर येते, कॉइल ३१ आणि ३१. अंगठ्याची टेस्ट केली. रेस ८८० वर जाऊन शांत उभी राहिली, एसी लावूनसुद्धा बंद पडली नाही.

दहा_नंबरचा_पाना

पी०५०६ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा कमी. ट्रिम शून्याजवळ, म्हणजे आत जाणाऱ्या हवेला पेट्रोल अचूक मिळतंय. मॅप सेन्सर, इंजेक्टर, प्लग सगळे सुटले. टॅपेट यांचं म्हणणं बरोबर, आणि मोटरही जिवंत आहे. आता पहिल्या पोस्टमधलं लाल सिलिकॉन बघा.

ओ-रिंगच्या खोबणीत सिलिकॉन लावून व्हॉल्व्ह दाबला की ते बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही सरकतं. बायपासचं भोक करंगळीहून बारीक, त्याच्या तोंडावर रबराची जीभ तयार होते. पिन मागे गेली तरी भोक अर्धं बंदच. शिवाय साध्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरला घातक, म्हणून तिथे ते लावायचंच नसतं.

काम असं करा:

चावी बंद करून दोन मिनिटं थांबा, मग कनेक्टर काढा. व्हॉल्व्हचे स्क्रू जपानी पद्धतीच्या प्लस खाचेचे असतील तर साधा स्क्रू-ड्रायव्हर घसरतो आणि खाच गोल होते. नीट बसणारं टोक घ्या, आधी दाबा, मग फिरवा.

सिलिकॉन लाकडी टूथपिकने किंवा प्लास्टिकच्या तुकड्याने सोलून काढा, पोलादी टोक ॲल्युमिनियमवर ओरखडे पाडतं. त्याआधी भोकात चिंधीचा बोळा घाला, सुटलेला तुकडा आत पडला तर तो पुन्हा पिनखाली अडकणार. नंतर बोळा काढून दोन्ही भोकांत टॉर्च मारा, बारीक नळीने फुंकून हवा आरपार जाते का बघा. व्हॉल्व्हवर काहीही फवारायचं नाही, थ्रॉटल क्लीनरने ओलं केलेल्या कापडाने पुसा, टोक खाली धरून.

ओ-रिंग नवीनच. जुनी घेऊन मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला जा, मापाची मिळते. व्हायटन (खास रबराची) मागा, पेट्रोलच्या वाफेत ती फुगत नाही. बसवताना इंजिन ऑइलचा हलका हात, बाकी काही नाही. पिन जास्त बाहेर आली असेल तर स्क्रूने ओढून बसवू नका, ती सीटवर आपटून आतला स्क्रू मोडतो. स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा, मनगटाच्या जोरापुरते.

मग लर्निंग (ईसीयूला आयडल नव्याने शिकवणं): चावी ऑन दहा सेकंद, ऑफ वीस सेकंद, असं तीनदा. ॲक्सिलरेटरला पाय न लावता स्टार्ट. एसी, दिवे, पंखा सगळं बंद. रेडिएटरचा फॅन दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत चालू द्या. मग एसी आणि हेडलाइट लावून पाच मिनिटं. हे उघड्यावर करा, बेसमेंट पार्किंगमध्ये इतका वेळ इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो.

गॅसकिट

गॅसच्या बाजूने दोन-तीन गोष्टी. बॅटरी काढल्यामुळे पेट्रोलचं लर्निंग पुसलंय आणि सिक्वेन्शियल किटचा ईसीयू पेट्रोल इंजेक्टरच्याच वेळा वाचून गॅस सोडतो. म्हणून आधी तीस-चाळीस किलोमीटर फक्त पेट्रोलवर चालवा, मग गॅसचं स्विच लावा. लगेच गॅसवर टाकली तर चुकीचं शिकते आणि मग पेट्रोलवरही तक्रार सुरू होते.

नव्या प्लगचा गॅप फीलर गेजने मोजा. पेट्रोलच्या १.० ते १.१ मिमी गॅपवर गॅसला ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, कॉइलवर ताण येतो. गॅसवाल्या गाडीत ०.७-०.८ ठेवतात. इरिडियम असतील तर मात्र वाकवू नका, टोक तुटतं. प्लग आवळताना १२ मिमी थ्रेडला १५-२० न्यूटन मीटर, १४ मिमीला २५-३०. टॉर्क रेंच नसेल तर वायसर टेकेपर्यंत हाताने आणि मग पान्याने अर्धा वळसा.

रेड्यूसरकडून (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाकडून) मॅनिफोल्डला जाणारा बारीक व्हॅक्यूम पाइप सुटलाय का बघा. हाय प्रेशरच्या स्टीलच्या नळीला आणि टाकीच्या व्हॉल्व्हला घरी पाना लावायचा नाही. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी असते, पाटीवरची तारीख बघून ठेवा.

मुलुंड_पूर्व

भोकाच्या तोंडावर सिलिकॉनचा पडदाच होता, अर्ध्याहून जास्त झाकलेलं. सोलून काढलं, नागदेवीहून व्हायटन रिंग आणून बसवली, लर्निंग केलं. गरम आयडल ८५०, मॅप ३१, एसी लावला की क्षणभर ७८० आणि परत वर. पेंडिंग कोड गेला. प्लगचा गॅप १.१ निघाला, साधे निकेलचे आहेत, ०.८ करून लावलेत. अजून पेट्रोलवरच चालवतोय.

टॅपेट

उद्या सकाळच्या थंड स्टार्टचा आकडा बघा. १२०० च्या वर गेली तर काम झालं. हजारालाच अडकली तर दुसऱ्या भोकात अजून तुकडा आहे, थ्रॉटल बॉडी उतरवावी लागेल. तेव्हा तिच्या गरम पाण्याच्या दोन नळ्या निघतील, कूलंट तेवढा भरून घ्या. आणि पॅकिंग बसवताना बायपासचं भोक पॅकिंगच्या भोकासमोर येतंय का बघा, उलटं बसलं की पुन्हा हाच धागा.